पिनकोड दोनदा लिहिला तर ७ ने भाग का जात नाही? ४१३००१४१३००१ बद्दल विचारायचंय

चाटीगल्लीवाला
नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितोय. चादर-टॉवेलच्या होलसेल दुकानात हिशोब बघतो, गणित म्हणजे माझं बिलं, जीएसटी आणि उधारीच्या वहीपुरतं, त्यामुळे प्रश्न अगदी साधा वाटला तरी नीट सांगा, कारण प्रश्न माझा नाही, पोरीचा आहे.

पोरगी आठवीत आहे. तिला क्लासला सांगितलं की कुठलीही संख्या घ्या, तिच्याच पुढे तीच परत लिहा, जी मोठी संख्या तयार होईल तिला ७, ११, १३ तिन्हींनी पूर्ण भाग जातो. उदाहरण दिलं २४७ चं. २४७२४७ ला ७ ने भागलं की ३५३२१, त्याला ११ ने ३२११, त्याला १३ ने २४७, म्हणजे फिरून आपलीच संख्या हातात. पोरगी इतकी खूश की दोन दिवस घरात येईल त्याला तीन आकडे विचारत होती. शनिवारी दुकानात आली, काउंटरवरचा १२ आकडी कॅल्क्युलेटर घेतला आणि आपला पिनकोड दोनदा टाकला, ४१३००१४१३००१, बरोबर बारा घरं भरली. ७ ने भागलं तर ५९०००२०१८५७.२ आलं. १३ ने ३१७६९३३९४६१.६. ११ ने मात्र ३७५४५५८३००० आलं, पॉइंटच्या पुढे काही नाही. मी स्वतः तीनदा करून बघितलं, तेच.

क्लासला विचारलं तर आकडे दाबताना चुकली असशील म्हणाले आणि पुढचा धडा सुरू झाला. ती तेव्हापासून गप्प आहे, मला म्हणते पप्पा मी बरोबर दाबलं होतं. मला माहितीय तिने बरोबर दाबलं होतं, मी शेजारी उभा होतो. तर नियम चुकीचा आहे का, अर्धाच खरा आहे का, आणि ११ नेच का गेला? आणि ७ ने जात नसेल तर ह्या संख्येला जातं तरी कशाने? ३ ने आणि ९ ने जातो एवढं आम्ही काढलंय.

नवीपेठ७
आमच्याकडे जातो की ओ ७ ने. मी आत्ता केलं, आमचा ४१३००७ आहे, ४१३००७४१३००७ भागिले ७ बरोबर ५९००१०५९००१, एकदम पूर्ण. तुमचा कॅल्क्युलेटर बदलून बघा, दुसरा घ्या.

खडू_आणि_फळा
चाटीगल्लीवाले, आधी पोरीला सांगा की तिचं बरोबर आहे. ७ ने नाही जात, १३ ने नाही जात, आणि खरं तर ११ नेही नाही जात, ते खाली सांगते. मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलंय, आता निवृत्त आहे, आणि हा नियम असाच अर्धा सांगितलेला मी कितीतरी वेळा ऐकलाय. तो तीन आकडी संख्येचा नियम आहे. ते तीन आकडी सांगायचं राहून जातं आणि मग मुलं अशी अडकतात.

कारण बघा. २४७ परत लिहिणं म्हणजे काय केलं आपण, पहिला २४७ तीन घरं डावीकडे सरकवला, म्हणजे १००० ने गुणला, आणि त्यात २४७ मिळवले. म्हणजे २४७ × १००१. आणि १००१ म्हणजेच ७ × ११ × १३. सगळी जादू त्या १००१ मध्ये आहे, २४७ चा काही संबंध नाही. आता दोन आकडी घ्या, ४७ चे ४७४७, इथे गुणलं गेलं १०१ ने, आणि १०१ तर मूळ संख्या आहे, त्यामुळे ७ ने भागलं तर ६७८ आणि बाकी १. चार आकडी संख्या दोनदा लिहिली तर १०००१ ने गुणली जाते, ते आहे ७३ × १३७. पाच आकडी असेल तर १००००१ = ११ × ९०९१, इथे ११ परत आला बघा, पण ७ आणि १३ नाहीत. पिनकोड सहा आकडी, म्हणून तुमची संख्या आहे ४१३००१ × १००००००१ नव्हे, नीट मोजून, ४१३००१ × १०००००१, एकच्या पुढे पाच शून्य आणि मग एक.

आता १०००००१ ला ७ ने का जात नाही? १० चे घात ७ ने भागत जा, बाकी येते ३, २, ६, ४, ५, १ आणि मग परत ३, २, ६ असं चक्र. १००० ला बाकी ६, त्यात १ मिळवला की ७, म्हणून १००१ ला भाग जातो. दहा लाखाला बाकी १, त्यात १ मिळवला की २, म्हणून इथे २ उरतात. ११ आणि १३ ला पण दहा लाखाची बाकी १ च येते, म्हणून तिथेही २ उरतात. म्हणजे सहा आकड्यांच्या बाबतीत दोनदा लिहिण्याने ७, ११, १३ ची काहीच मदत होत नाही, एकदाच लिहिलेल्या संख्येला भाग जात असेल तरच जातो. नवीपेठ७, तुमचा कॅल्क्युलेटर चांगला आणि त्यांचाही चांगला. ४१३००० हे ७ × ५९००० आहे, त्यात ७ मिळवले की ४१३००७, म्हणून तुमच्या पिनला एकदाच लिहिला तरी ७ ने भाग जातो. ४१३००१ ला बाकी १, आणि दोनदा लिहिल्यावर २. भागिले ७ केल्यावर पॉइंटच्या पुढे जो .२ दिसला तो ह्या २ चाच, दोन सप्तमांश म्हणजे .२८५७.

आता ११. तुमच्या मशीनला बारा घरं. उत्तर आहे ३७५४५५८३०००.०९०९... त्यातले अकरा आकडे पॉइंटच्या आधीच संपले, पुढे एकच घर उरलं, तिथे आलं शून्य, आणि ९ ला जागाच नाही. म्हणून पूर्ण भाग गेल्यासारखं दिसलं. उलटं करून बघा, ३७५४५५८३००० × ११ = ४१३००१४१३०००. एक कमी पडला. पोरीला हे आवर्जून दाखवा. कॅल्क्युलेटरच्या भागाकारावर विश्वास ठेवायचा नाही, परत गुणून बघायचं. किंवा पाटीवरची जुनी पद्धत, एकाआड एक आकड्यांची बेरीज, ४+३+०+४+३+० = १४, उरलेले १+०+१+१+०+१ = ४, फरक १०. फरक ० किंवा ११ च्या पाढ्यातला हवा, तो नाही.

आणि तिने नऊ आकडी संख्या घेतली असती तर नियम परत चालला असता, कारण १००००००००१ ला १००१ ने भाग जातो.

नवीपेठ७
बरं बरं, समजलं ताई. मी उगाच कॅल्क्युलेटर बदला म्हणालो, माफ करा दादा.

सेमिस्टर_पाचवं
दादा मी इंजिनीअरिंगला आहे सोलापुरातच, तुमचा शेवटचा प्रश्न राहिला की मग जातं कशाने, ते मी बसून काढलं, हाताने काढलं म्हणून जास्त मजा आली. कॉम्प्युटरला दिलं तर सेकंदात येतं पण मला बघायचं होतं की कागदावर होतं का.

असल्या १२ आकडी संख्येचे अवयव सरळ काढायला बसलं तर वाईट अवस्था होते, वर्गमूळ सुमारे ६ लाख ४२ हजार, तिथपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासत कोण बसणार. पण ताईंनी आधीच दोन तुकडे करून दिलेत, ४१३००१ आणि १०००००१, आणि त्यामुळे काम एकदम हातात येतं.

पहिला तुकडा, अंकांची बेरीज ९ म्हणून ९ ने भाग, उरले ४५८८९. ह्याच्यावर मी अर्धा तास घालवला. ७ नाही, ११ नाही, १३ बाकी १२, १७ बाकी ६, १९ बाकी ४, असं करत करत १०३ झालं, १०७ झालं, वर्गमूळ २१४ च्या आसपास म्हणजे तिथपर्यंत जावं लागणार होतं, मला वाटायला लागलं हीच मूळ संख्या आहे, आणि १०९ ला गेला. १०९ × ४२१. दोन्ही मूळ.

दुसरा तुकडा १०००००१, ह्याला १०१ ने जातो, ९९०१ × १०१ करून बघा, ९९०१०० मध्ये ९९०१ मिळवा. आता ९९०१ मूळ आहे का? साध्या पद्धतीने ९७ पर्यंतच्या २५ मूळ संख्या तपासायच्या, पण एक शॉर्टकट आहे जो मला फार आवडतो. ९९०१ ला भागणारी जी कुठली मूळ संख्या असेल ती १०००००१ ला पण भागणार, म्हणजे तिच्यासाठी दहा लाखाची बाकी उणे १, म्हणजे १० च्या घातांचं चक्र सहाला पूर्ण होत नाही, बाराला होतं. चक्राची लांबी ४ किंवा १२ असू शकते, ४ वाली एकच मूळ संख्या, १०१, तिने ९९०१ ला जात नाही, ३ उरतात. मग राहिली १२, आणि चक्राची लांबी नेहमी त्या मूळ संख्येतून १ वजा केला की त्याला भागते. म्हणजे १२ ने भागल्यावर १ उरतो अशाच मूळ संख्या तपासायच्या, १३, ३७, ६१, ७३, ९७. पाचच! बाक्या येतात ८, २२, १९, ४६, ७. एकानेही जात नाही, संपलं, ९९०१ मूळ आहे.

तर दादा तुमच्या पोरीची संख्या
४१३००१४१३००१ = ३ × ३ × १०१ × १०९ × ४२१ × ९९०१
एकूण ४८ विभाजक आहेत, १ आणि ती स्वतः धरून. ३ दोनदा आहे म्हणून त्याच्यासाठी तीन पर्याय, बाकी चौघांसाठी दोन-दोन, ३ × १६.

अजून एक, १ भागिले ९९०१ केलं तर ०.०००१००९९९८९९ आणि मग हेच बारा आकडे परत परत येत राहतात.

आणि कापरेकर सरांची हर्षद संख्या माहिती असेल, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी, ते देवळालीला शाळेत शिक्षक होते आणि ६१७४ साठी जगभर ओळखले जातात. ४१३००१ हर्षद आहे, बेरीज ९ आणि ९ ने जातो. म्हणजे दोनदा लिहिलेली पण हर्षद होणार.

चाटीगल्लीवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं उत्तर तिला मोबाईलवर वाचून दाखवलं, ११ च्या गुणाकारात शेवटचा १ कमी येतो ते तिने स्वतः करून बघितलं आणि दोन मिनिटं नुसती त्या आकड्याकडे बघत होती. मग म्हणाली म्हणजे मशीन खोटं बोललं. मी म्हटलं खोटं नाही बोललं, त्याच्याकडे जागा नव्हती.

मला स्वतःला हे चादरीवरून समजलं. जॅकार्डवर डिझाईन काढतात तेव्हा रिपीट किती धाग्यांचा आहे त्यावर सगळं ठरतं, मोर काढा नाहीतर फूल काढा, रिपीट तोच असेल तर पन्ह्यात किती वेळा बसणार ते तेवढंच. तसं इथे आकडे कुठले ते महत्त्वाचं नाही, रिपीट किती घरांचा ते महत्त्वाचं. तीन घरांचा रिपीट म्हणजे १००१, सहा घरांचा म्हणजे १०००००१. बरोबर आहे ना?

आणि सेमिस्टर दादा, ती विचारतेय की दोनदा लिहिलेल्याची अंकांची बेरीज १८ होते, आणि संख्येच्या शेवटी १ आहे म्हणजे विषम, तर विषम संख्येला १८ ने भाग कसा जाणार? म्हणून ती हर्षद नाही असं तिचं म्हणणं. मी लिहू का विचारलं तर लिहा म्हणाली.

सेमिस्टर_पाचवं
तिचं शंभर टक्के बरोबर, मी न तपासता लिहिलं. ४१३००१ हर्षद आहे, ४१३००१४१३००१ नाही. तिला माझ्याकडून सॉरी आणि शाब्बास दोन्ही सांगा.

खडू_आणि_फळा
रिपीटचं अगदी बरोबर आहे, वर्गात शिकवताना मला हे कधी सुचलं नाही, आता नातवाला असंच सांगणार.

कन्नाचौक_पुणे_मुक्काम
उशिरा बघितला धागा. मूळ कन्ना चौकातला, घरी हातमाग होता, आता पुण्यात बीएस्सीच्या मुलांना संख्याशास्त्र नव्हे, संख्या-सिद्धांत शिकवतो, लोक दोन्हीत फार गल्लत करतात म्हणून मुद्दाम सांगितलं. सेमिस्टरने अवयव दिलेत त्यात एक सुंदर गोष्ट लपलेली आहे, ती सांगितल्याशिवाय झोप येणार नाही.

१०१, १०९, ४२१, ९९०१, चारही मूळ संख्यांना ४ ने भागून बघा, प्रत्येकवेळी १ उरतो. अशा प्रत्येक मूळ संख्येचे दोन वर्गांत तुकडे होतात, आणि एकाच प्रकारे होतात. फ्रेंच गणिती फर्माने हे १६४० साली नाताळच्या दिवशी मर्सेन ह्या दुसऱ्या गणितज्ञाला पत्रात लिहिलं होतं, सिद्धता पुढे शंभरेक वर्षांनी गणिती ऑयलरने दिली. करून बघा,
१०१ = १०² + १²
१०९ = १०² + ३²
४२१ = १५² + १४²
९९०१ = ९९² + १०²
उरला ३, त्याला ४ ने भागलं की ३ उरतात, असल्या मूळ संख्या दोन वर्गांत फुटत नाहीत, पण इथे ३ जोडीने आलाय, ९, तो स्वतःच वर्ग, म्हणून अडचण करत नाही. नियमच असा आहे की ४ ने भागून ३ उरणारी प्रत्येक मूळ संख्या जोडीजोडीने यायला हवी, मगच संख्या दोन वर्गांची बेरीज होते. नवीपेठ७ यांचा ४१३००७ बघा, ३ × ७ × ७१ × २७७, त्यात ३, ७, ७१ तिघेही एकएकटे. म्हणून तो कधीच दोन वर्गांची बेरीज होणार नाही, कितीही शोधा.

आता जोडायचं कसं, तर ते आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच ब्रह्मस्फुटसिद्धांतात जास्त व्यापक रूपात दिलंय. एक संख्या अ² + ब², दुसरी क² + ड², तर गुणाकार होतो (अक − बड)² + (अड + बक)², आणि चिन्हं उलट केली की दुसरी जोडी, (अक + बड)² + (अड − बक)². म्हणजे एका गुणाकाराला दोन वाटा. १०९ आणि ४२१ चा गुणाकार केला की १०८² + १८५² आणि १९२² + ९५², दोन्ही ४५८८९. त्यांना ३ ने गुणलं, म्हणजे ३ चा वर्ग आत गेला, आणि आपला पिनकोड आला,
४१३००१ = ३२४² + ५५५²
४१३००१ = ५७६² + २८५²
मी इतकी वर्षं हा पिन पत्रांवर लिहिलाय, घरच्या पत्त्यावर, फॉर्मवर, आणि आज पहिल्यांदा कळलं की तो असा आहे.

आता दोनदा लिहिलेली संख्या. १०००००१ म्हणजे सरळसरळ १०००² + १². हे ३२४ आणि ५५५ बरोबर गुणायचं. ३२४ × १००० + ५५५ = ३२४५५५. आणि ५५५ × १००० − ३२४ = ५५४६७६.
४१३००१४१३००१ = ३२४५५५² + ५५४६७६²
पहिली संख्या परत बघा, ३२४ आणि ५५५ शेजारी शेजारी जसेच्या तसे बसलेत. ५७६ आणि २८५ घेतले तरी तसंच, ५७६२८५² + २८४४२४². चिन्ह उलटं केलं की ३२३४४५² + ५५५३२४² आणि ५७५७१५² + २८५५७६². ह्या झाल्या चार जोड्या. आणि १०००००१ ची अजून एक फोड आहे, ९८०² + १९९², तिच्यापासून आणखी चार मिळतात, त्यातली एक ४२७९६५² + ४७९४२४². एकूण आठ. आठच, नऊवी नाही, कारण ४ ने भागून १ उरणाऱ्या चार वेगवेगळ्या मूळ संख्या आहेत, प्रत्येकीला वाट निवडायला दोन पर्याय म्हणजे सोळा, आणि दोन वर्गांची अदलाबदल एकच धरली की निम्मे.

उरलेल्या तीन जोड्या पोरीसाठी ठेवतो. ५५५ × १९९ वगैरे करावं लागेल, पण जमेल तिला.

नवीपेठ७
आमचा पिन वर्गात फुटत नाही ऐकून वाईट वाटलं सर, पण का फुटत नाही ते समजलं. ३, ७, ७१ सगळे एकएकटे.

चाटीगल्लीवाला
सर, काय सांगू. काल रात्री जेवण झाल्यावर दोघं बसलो. ३२४५५५ चा वर्ग १०५३३५९४८०२५ आला, ५५४६७६ चा ३०७६६५४६४९७६, दोन्ही बरोबर बारा आकडी, मशीनमध्ये मावले. बेरजेचं बटण तिने दाबलं आणि ४१३००१४१३००१ उठलं तेव्हा तिच्या आईला स्वयंपाकघरातून हाक मारून आणलं, आजीला पण दाखवलं, आजीला वर्ग म्हणजे काय माहिती नाही पण पिनकोड ओळखला तिने. तुमच्या तीन जोड्या तिने काढल्यात, २०७०७५ आणि ६०८३७६, ५०७७६५ आणि ३९३९२४, ६२११९५ आणि १६४६७६. बरोबर आहेत का बघाल.

आता नातेवाइकांचे पिन चालू आहेत. आत्या पंढरपूरला, ४१३३०४. बेरीज १५, म्हणजे ३ ने जातो पण ९ ने नाही, म्हणजे ३ एकटाच, म्हणजे दोन वर्ग होणारच नाहीत, हे तिने भागाकार न करता सांगितलं. मी भागून बघितलं, १३७७६८, त्याला परत ३ ने खरंच जात नाही. मग मामाचा अक्कलकोटचा घेतला, ४१३२१६. पाच वेळा २ ने भागून १२९१३ पर्यंत आलीय, पुढे ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१ सगळे करून झाले, एकानेही जात नाही. उद्या शाळा आहे म्हणून वही बंद करायला लावली, पण ती विचारतेय हा मूळच आहे का, सोडून देऊ का?

कन्नाचौक_पुणे_मुक्काम
तिन्ही जोड्या बरोबर. आणि सोडू नको म्हणावं, अजून एकच मूळ संख्या पुढे जा.